हुशार मुलाची सुटी

बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरातील एका मराठी घराची ही हकीकत आहे. गणिताचे प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर यांनी मुलांसाठी घरात भिंतीवर फळे करून घेतले होते. एम. एस्सी.च्या अभ्यासासाठी त्यांच्याकडे येऊन राहिलेले मुलांचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, फळ्यावर एखादे अवघड कोडे लिहीत आणि शाळकरी भाच्याला आव्हान देत. भाच्याला उत्तर सापडेपर्यंत, किंवा तो हार कबूल करेपर्यंत, ते पुसले जात नसे. मामा उत्तर सांगण्याची घाई करीत नसत आणि भाचाही ते सहसा मागत नसे. हा भाचा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर.

प्रत्येक घराला असे मोरूमामा लाभत नाहीत. तल्लख मुलांसाठी भरणाऱ्या उन्हाळी वर्गांचे प्रयोजन नेमके येथे सुरू होते.

वर्गात नेहमी पहिल्या येणाऱ्या मुलाची आपण काळजी करीत नाही. वस्तुतः त्याच्यापुढे एक वेगळेच संकट असते. शाळेतील गणित त्याला क्षणात सुटते. त्यामुळे एका प्रश्नापाशी चार दिवस बसून राहणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नसते. न झटता मिळालेल्या यशाची त्याला सवय जडते आणि पुढे महाविद्यालयात पहिली ठेच लागली की तो स्वतःच्या बुद्धीविषयीच शंका घेऊ लागतो. ही ठेच वेळीच, आणि आपुलकीच्या माणसांत लागावी, हा चांगल्या उन्हाळी वर्गाचा मोठा उपयोग होय.

अमेरिकेत अर्नोल्ड रॉस या गणितज्ञांनी १९५७ साली नोत्र दाम विद्यापीठात असा एक वर्ग सुरू केला. १९६४ पासून तो ओहायो राज्य विद्यापीठात भरू लागला. रॉस २००२ साली निवर्तले, तरी त्यांची परंपरा चालू राहिली. साध्या गोष्टींचा सखोल विचार करा, हे त्यांचे सूत्र. मुलांना पुढच्या इयत्तेचे पुस्तक आधीच शिकवून टाकण्याचा खटाटोप तेथे नसतो. विषय संख्यासिद्धांताचा, म्हणजे १, २, ३ या आपल्या ओळखीच्या पूर्णांकांचाच. मात्र लहानपणापासून गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट सिद्ध करून दाखवावी लागते. दिवसाचा बराचसा वेळ मुले प्रश्नसंचांशी झुंजत असतात आणि पूर्वी तेथे शिकून गेलेले विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून त्यांच्या सोबतीस असतात.

आपल्याकडेही ही कल्पना रुजली. १९८८ साली पुण्यात आयुका, म्हणजे आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, स्थापन झाले. नारळीकर त्याचे संस्थापक संचालक. पुढील काही वर्षांतच तेथे शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू झाला. सुमारे तीस मुलांची एक तुकडी सोमवार ते शुक्रवार तेथे येई. चार-सहा मुलांचा गट एका शास्त्रज्ञाकडे सोपविला जाई. ठरलेला अभ्यासक्रम नसे. काय करावयाचे हे गुरू आणि शिष्य मिळून ठरवीत, आणि आठवड्याच्या अखेरीस मुले आपल्या कामाचा अहवाल लिहून देत. बनारसच्या फळ्याचीच ही मोठी आवृत्ती म्हणावी लागेल.

मुंबईत मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने ते सुरू झाले. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारताने प्रथम १९८९ साली भाग घेतला, आणि १९९६ साली ती स्पर्धा मुंबईतच झाली. देशभरच्या परीक्षांतून निवडलेली मुले उन्हाळी शिबिरात एकत्र येतात. भारताच्या संघात अखेर स्थान मिळते ते मात्र सहाजणांनाच. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र व खगोलशास्त्र यांचीही शिबिरे होतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद वा बेळगाव येथे राहणाऱ्या मुलालाही या परीक्षांचा मार्ग मोकळा आहे. संघात निवड न झालेली मुलेसुद्धा एक मोठी मिळकत घेऊन परततात. आपल्यासारखेच वेड असलेली माणसे जगात आहेत, हे त्यांना कळलेले असते. गावात एकाकी पडलेल्या बुद्धिमान मुलाला ही ओळख पदकाहून कमी मोलाची नाही.

आता थोडे आईवडिलांविषयी. ‘उन्हाळी वर्ग’ ही पाटी हल्ली अनेक दारांवर दिसते. प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रवेश मुलाची आवड व तयारी पाहून मिळतो, की केवळ शुल्क भरून? तेथे उत्तरे पाठ करून घेतात, की प्रश्नाशी एकटे बसू देतात? आणि मुलाला स्वतःला जावेसे वाटते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या दोहोंची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. प्रवेशपरीक्षेची उजळणी ही गरजेची बाब असेल. परंतु तिला बुद्धीची मशागत समजू नये. आजोळची अंगणे आणि दुपारची रिकामी घटकाही मुलाच्या वाट्याला यावी. कुतूहल पुष्कळदा अशा रिकाम्या वेळीच जागे होते.

ज्यांची निवड होणार नाही अशीच मुले अधिक असणार. त्यांच्यासाठी नारळीकरांचीच एक रीत आठवते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली माझी सही येईल. मुलाने प्रश्न विचारावा, एवढाच त्यांचा आग्रह असे. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. या सुटीत आपणही घरच्या भिंतीवर एक फळा टांगावा, त्यावर एक कोडे लिहावे, आणि उत्तर सांगण्याचा मोह मात्र मोरूमामांप्रमाणे आवरावा.