विश्लेषण : सेंट हेलेना बेटावर फक्त नेपोलियनच कैदेत होता का?

दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेट जगाला माहीत आहे ते एका कैद्यामुळे. वॉटर्लूच्या पराभवानंतर ऑक्टोबर १८१५ मध्ये नेपोलियनला येथे आणले गेले आणि ५ मे १८२१ रोजी येथेच त्याचा मृत्यू झाला. क्रूझ जहाजाने येणाऱ्या पर्यटकाच्या हाती अनेकदा एकच दिवस असतो आणि त्यातला मोठा भाग या सम्राटाच्या मागेच जातो. पण बेटाचा खरा इतिहास समजून घ्यायचा, तर आणखी काही ठिकाणी पाय वळवावे लागतात.

बेट नेमके कुठे? इतके दूर का?

आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटरवर, समुद्रतळावरून उठलेल्या ज्वालामुखीचा हा माथा. ज्वालामुखी सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी शांत झाला. क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिका हद्दीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत. १५०२ मध्ये पोर्तुगीज खलाशांना बेट सापडले, १६५९ पासून ते ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. भारतातून परतणारी जहाजे पाणी आणि ताजा भाजीपाला घेण्यासाठी येथे थांबत.

याच वाटेने १८०५ मध्ये आर्थर वेलस्ली मायदेशी गेला. सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या (आताचा जालना जिल्हा) लढाईत मराठ्यांचा पराभव करणारा हाच तो सेनानी. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. गंमत म्हणजे बेटावरच्या ज्या ‘ब्रायर्स’ या मळ्यात तो राहून गेला होता, तेथेच दहा वर्षांनी नेपोलियनचे पहिले काही आठवडे गेले.

बेटावर नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली ती थेट ऑक्टोबर २०१७ मध्ये. धावपट्टीवरील वाऱ्यांच्या धोकादायक झोतांमुळे विमानतळ तयार असूनही उद्घाटन लांबले होते. तोपर्यंत केपटाऊनहून बोटीने पाच-सहा दिवस काढण्याला पर्याय नव्हता.

सर्वांत ज्येष्ठ रहिवासी कोण?

जोनाथन नावाचे महाकाय कासव. गव्हर्नरच्या ‘प्लांटेशन हाऊस’ या बंगल्यापुढील हिरवळीवर त्याचा मुक्काम असतो. १८८२ मध्ये सेशेल्सहून आणले तेव्हा ते पूर्ण वाढलेले, म्हणजे किमान ५० वर्षांचे होते. त्यावरून जन्मसाल १८३२ च्या सुमाराचे धरतात. मोतीबिंदूमुळे त्याची नजर गेली, वासही येईनासा झाला. त्यामुळे त्याला फळे-भाज्या हाताने भरवाव्या लागू लागल्या. बेटाच्या पाच पेन्सच्या नाण्यावरही त्याचे चित्र आहे.

जोनाथन पाहुणा. अस्सल स्थानिक जीव शोधायला नजर लागते. माळावर तुरुतुरु धावणारा ‘वायरबर्ड’ हा आपल्याकडच्या चिखल्याचा भाऊबंद. तारेसारख्या काटकुळ्या पायांमुळे हे नाव पडले. जगात फक्त येथेच आढळणाऱ्या जमिनीवरील पक्ष्यांपैकी एवढा एकच उरला आहे.

बाकीच्यांचे काय झाले?

पोर्तुगीजांनी सोडलेल्या शेळ्यांनी जंगल ओरबाडले, जहाजांतून उंदीर-मांजरे उतरली. आठ सेंटीमीटरपर्यंत वाढणारा, शेपटीला चिमटा असलेला महाकाय इअरविग हा कीटक १९६७ नंतर जिवंत दिसला नाही. २०१४ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. डोंगरउतारांवर घायपातासारखी पाती दिसतात, ती न्यूझीलंडहून आणलेल्या फ्लॅक्सची. त्याच्या धाग्यावर बेटाची कमाई चाले. १९६६ मध्ये ब्रिटिश टपाल खाते कृत्रिम सुतळीकडे वळले आणि धंदा बसला. फ्लॅक्स मात्र हटला नाही.

मूळ जंगल आता मुख्यतः ८०० मीटरहून उंच असलेल्या डायनाज पीकच्या आसपास उरले आहे. नेच्याची झाडे ढगांतले पाणी पकडतात आणि ते खाली बेटाच्या नळापर्यंत पोहोचते. त्यामुळे तेथील पुनर्लागवड हा हौसेचा मामला नाही.

नेपोलियनची कबर रिकामी कशी?

लाँगवूड हाऊस आणि कबरीची दरी १८५८ मध्ये फ्रान्सने विकत घेतली. तेथे आजही फ्रेंच ध्वज फडकतो. झाडीतल्या दगडी चौथऱ्यावर नाव नाही. फ्रेंचांना फक्त ‘नेपोलियन’ हवे होते, ब्रिटिश गव्हर्नर हडसन लोव ‘बोनापार्ट’ जोडा म्हणून अडून बसला, शेवटी दगड कोराच राहिला. १८४० मध्ये पार्थिव समारंभाने पॅरिसला नेण्यात आले. पर्यटक पाहतात ती रिकामी जागा.

मग भरलेल्या कबरी कुठे आहेत?

राजधानी जेम्सटाउनच्या शेजारच्या रुपर्ट्स व्हॅलीत. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, पण ब्राझीलकडे माणसे भरून जाणारी जहाजे थांबली नाहीत. ब्रिटिश नौदल ती पकडून या बेटावर आणत असे. १८४० पासूनच्या तीन दशकांत सुमारे २७ हजार आफ्रिकी येथे उतरवले गेले. कागदोपत्री सारे मुक्त. पण जहाजाच्या तळघरातील उपासमार आणि रोगराईने खंगलेल्यांपैकी सुमारे आठ हजार जण येथेच दगावले. वाचलेल्यांना बहुतांशी मजूर म्हणून कॅरिबियन बेटांवर धाडण्यात आले.

विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामासाठी २००७-०८ मध्ये दरीत उत्खनन झाले आणि ३२५ जणांचे सांगाडे हाती आले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. काहींच्या सोबत मणी, बांगड्या अशा वस्तू सापडल्या. एवढ्या प्रवासातही त्या कुणी तरी जपल्या होत्या. हे अवशेष त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ जेम्सटाउनमधील एका गोदामात पडून होते. कबरीसाठी जागा कुठे, स्मारक कसे, यावर चर्चा चालू राहिली. दरम्यान विमाने उतरू लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांचे रुपर्ट्स व्हॅलीत पुन्हा दफन झाले. उरलेले हजारो जण त्याच दरीत, रस्त्याच्या आणि घरांच्या आसपास, नावाच्या दगडाविना पुरलेले आहेत. जेम्सटाउनच्या धक्क्यापासून ही दरी लाँगवूडपेक्षा जवळ पडते.