मोरचुदाच्या खड्यातील अर्धे वाटेकरी

मोसंबीच्या खोडाला चुना आणि मोरचूद यांचा लेप देताना गेवराईकडचा बागाईतदार ज्या निळ्या खड्यांना हात लावतो, तेच खडे आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर संपले. पुढचे कामगारांच्या बैठकांत आणि वाचनालयांत झाले. तेव्हा गणित न मांडता हिशेब तेवढा मांडतो.

या खड्यात तांब्याचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला चुंबक. त्यांपैकी निम्मे रांगा धरून उभे असतात. (उरलेले निम्मे जवळजवळ अलिप्त, संघटनेबाहेरचे लोक सर्वत्र असावयाचेच!) रांगेतल्या शेजाऱ्यांची खोड अशी की, एकाचे तोंड वर तर दुसऱ्याचे खाली. आता मधल्या एकाला उलटा करा. तिघे लागोपाठ एकाच दिशेला आले, म्हणजे दोन ठिकाणी बेबनाव झाला. पुढे शेजारी-शेजारी दिशांची अदलाबदल करीत राहतात आणि ते दोन बेबनाव एकमेकांपासून दूर चालू लागतात. उलटला एक, चालते झाले दोन. प्रत्येकाच्या वाट्याला त्या बदलाचा निम्मा भाग. या वाटेकऱ्याला 'स्पिनॉन' म्हणतात. खड्याबाहेर त्याला अस्तित्व नाही. मोर्चातून पुढे सरकणारी घोषणा माणसांवाचून वेगळी काढता येते काय? तसेच हे.

अशा रांगेचे गणित हान्स बेथे यांनी १९३१ साली सोडविले. तिच्यातला वाटेकरी अर्धा असतो हे फाद्देयेव व ताख्ताजान यांनी १९८१ साली दाखविले. पण कागदावरचा वाटेकरी पाहावयाचा कसा? न्यूट्रॉनने. न्यूट्रॉन विद्युद्भाररहित, पण स्वतः लहानसा चुंबक. तो खड्यात शिरतो, एखादी उलथापालथ करतो आणि काही ऊर्जा गमावून बाहेर येतो. किती गमावली ते मोजावयाचे. आपल्या तुर्भ्याला १९८५ साली सुरू झालेल्या 'ध्रुव' अणुभट्टीवरही चुंबकीय पदार्थ न्यूट्रॉनांनीच तपासले जातात.

मोरचुदाची ही मोजणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे अतिशीत अवस्थेत ती झाली. साधा हायड्रोजन न्यूट्रॉनांना वाटेल तिकडे उधळतो, म्हणून खड्यातील पाण्याऐवजी जड पाणी घातले होते. आधी प्रबळ चुंबकीय क्षेत्राने साऱ्यांना एकाच दिशेला उभे केले. तेव्हा उलटलेला एक अखंडच राहतो आणि ऊर्जेची रेषा रेखीव उमटते. क्षेत्र काढताच तिचा रुंद पट्टा झाला. कारण दोन वाटेकरी ऊर्जा नाना प्रकारे वाटून घेऊ शकतात.

पण पट्टा दिसला म्हणजे पुरावा झाला काय? येथे आम्ही जरा हटून बसतो. पदार्थात भेसळ असली तरी रेषा पसरते. हर्बर्टस्मिथाइट या खनिजात २०१२ साली असाच पट्टा आढळला, आणि तांब्या-जस्ताच्या सरमिसळीचा प्रश्न त्याच्यामागे लागला. मोरचुदात मात्र हजेरीपट तपासता आला. गणिताप्रमाणे स्पिनॉनांच्या जोड्यांनी एकूण तीव्रतेच्या ७१ टक्केच भरावयास हवे होते. मोजणीत ९९ टक्के भरले, चूकभूल ८ टक्क्यांची. म्हणजे जोड्यांखेरीज चौघाचौघांच्या टोळ्याही कामावर हजर होत्या. रुथेनियम क्लोराइड या पदार्थात २०१६ पासून याहून विलक्षण वाटेकरी सापडल्याचे सांगतात, पण तेथला वाद अजून मिटलेला नाही.