मुळांचे संवर्धन आणि ‘संप्रेरक’ ही संज्ञा

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना वाटेत मूल हे गाव लागते. त्या परिसरातील वनांतून शतावरी, सफेद मुसळी यांसारख्या वनस्पतींची मुळे औषधासाठी खणून नेली जातात. पान तोडले तरी वनस्पती टिकते. मूळ खणले की बहुधा तीच संपते. म्हणून वनस्पतीला धक्का न लावता तिच्या मुळांतील द्रव्य मिळविता येईल काय, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

सुटे मूळ शर्करा व क्षार यांच्या निर्जंतुक द्रावात सतत वाढविता येते, हे फिलिप व्हाइट यांनी १९३४ साली टोमॅटोच्या मुळांवर सिद्ध केले. अशा संवर्धनात वाढीचे नियमन संप्रेरके करतात. त्यांपैकी ‘ऑक्सिन’ हे नाव ‘वाढणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आले असून संस्कृतातील ‘उक्ष्’ हा धातू त्याचा सगोत्र होय. परंतु येथे व्युत्पत्ती अभ्यासकाची दिशाभूल करते. मुळांना ऑक्सिन अत्यल्प मात्रेतच मानवते. मात्रा वाढली की मुळांची लांबी खुंटते आणि उपमुळे मात्र अधिक फुटतात. कृत्रिम ऑक्सिनाचा अतिरेक झाल्यास मुळाचे मूळपणच जाऊन पेशींचा आकारहीन गोळा उरतो. सायटोकायनिन सामान्यतः उपमुळांच्या उत्पत्तीस विरोध करते.

द्रव्यनिर्मितीचा हिशेब याहून निराळा आहे. सर्पगंधेच्या मुळांचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला. १९५२ साली त्या मुळांतून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. पुढे १९९३ साली भाभा अणुसंशोधन केंद्रातील बेंजामिन, रोजा व हेबळे यांनी ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजिनीस या मृदाजंतूच्या साहाय्याने सर्पगंधेची केसाळ मुळे निर्माण करून त्यांतील अल्कलॉइडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या जंतूची जनुके मुळांच्या पेशींत शिरत असल्यामुळे अशी मुळे बाहेरून संप्रेरक न देताही झपाट्याने वाढतात. उलट जास्मोनेट हे संप्रेरक अनेक वनस्पतींत संरक्षक द्रव्यांची निर्मिती वाढविते, पण वाढ मंदावते. म्हणून प्रथम मुळे वाढू द्यावीत आणि नंतर जास्मोनेट द्यावे, अशी दोन टप्प्यांची पद्धत अवलंबिली जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुळांचे वजन आणि त्यांतील औषधी द्रव्याचे प्रमाण ही दोन स्वतंत्र मापे होत. त्यांच्या गुणाकारावरच खरे उत्पन्न ठरते. केवळ वजन वाढल्याने प्रयोग यशस्वी मानला, तर पात्र मुळांनी भरेल, औषध मात्र हाती येणार नाही, आणि वनातील कुदळ थांबणार नाही.

म्हणूनच ‘वृद्धिद्रव्य’ या जुन्या प्रतिशब्दापेक्षा ‘संप्रेरक’ हा शब्द अधिक ग्राह्य वाटतो. त्यातील ‘ईर्’ धातूचा अर्थ ‘गती देणे’ असा आहे. स्टार्लिंग यांनी १९०५ साली रूढ केलेल्या ‘हॉर्मोन’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थही तोच. गती कोणत्या दिशेने, हे तो शब्द सांगत नाही. ते मात्रा, काल आणि अवयव यांवर ठरते, व ते प्रत्येक वनस्पतीच्या बाबतीत प्रयोगानेच शोधावे लागते.