व्यवहारातील ओळख : संत्रा-बागाइतदारांस दोन शब्द

आमच्या नागपूरकडील कास्तकारास जमीन आहे, विहीर आहे, बगीचा आहे. नाही ती एकच वस्तू, आणि ती म्हणजे ओळख. ओळख म्हणजे सोयरीक नव्हे, किंवा कचेरीतील वशिलाही नव्हे. आपला माल कोण घेतो, तो पुढे कोठे जातो, आपणांस अडलेली गोष्ट कोणास ठाऊक आहे, आणि ती विचारावयास गेलो असता तो आपणांस ओसरीवर बसवून घेईल की दारातूनच वाटेस लावील, ही जी माहिती व तिच्यामागे असणारा जो भरवसा, त्यास आम्ही येथे ओळख म्हणतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या तालुक्यांत, आणि पलीकडे वरूड-मोर्शीच्या बाजूस, पिढ्यान्‌पिढ्या संत्रा पिकविणारी घरे आहेत. त्यांपैकी पुष्कळांची ओळख एका दलालाशी सुरू होते व त्याच्याशीच संपते. फळ झाडावर हिरवे असतानाच तो येतो, बगीच्यातून एक फेरी मारतो, एक आकडा बोलतो व विसार देऊन निघून जातो. तो आकडा योग्य की अयोग्य हे ताडून पाहण्यास कास्तकारापाशी दुसरा आकडाच नसतो.

हे असे का असावे, याचा विचार करू लागले म्हणजे नवल वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजीराजे भोसले (दुसरे) यांनी औरंगाबादेहून संत्र्याची झाडे येथे आणविली असे परंपरा सांगते. १८६७ साली नागपुरास आगगाडी आली व हे फळ दूरच्या पेठांस जाण्याची सोय झाली. १९०६ साली येथे कृषि महाविद्यालय निघाले. १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. २०१४ साली नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. फळ, गाडी, शाळा, शास्त्र आणि नाव ही पाचही आमच्या दारी उभी आहेत. असे असून बांगलादेशाने संत्र्यावरील आयातकर २०१९ मधील किलोमागे सुमारे २० रुपयांवरून चढवीत चढवीत २०२३ मध्ये ८८ रुपयांपर्यंत नेला, तेव्हा आमच्या बागाइतदारांची मोठी तारांबळ उडाली. ज्याची सारी भिस्त त्या एकाच वाटेने माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यावर होती, त्याने दुसऱ्या वाटेची चौकशी कधी केलेलीच नव्हती.

ओळख वाढविण्यास पैसा लागत नाही. लागतो तो प्रश्न, आणि तोही नेमका. “काय भाव चालला?” हा प्रश्न कळमन्याच्या मंडीत सकाळपासून ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. त्यास उत्तर मिळते, परंतु त्या उत्तराने कोणी कोणाच्या ओळखीचा होत नाही. विचारणारा ते विसरतो आणि सांगणाराही विसरतो. तेच एखाद्याने असे विचारून पाहावे, की “या ढिगास शेजारच्या ढिगाहून चढता भाव कशाने मिळाला? आकाराने, रंगाने की सालीने? हा माल येथून कोणत्या शहरास जातो, व पोचेपर्यंत किती दिवस टिकावा लागतो? तुम्हांस कोणत्या वारी माल आलेला बरा?” असे विचारणाऱ्याकडे व्यापारी मान वर करून पाहतो. आपल्या धंद्याविषयी कोणी आस्थेने विचारले असता ज्यास बोलावेसे वाटत नाही असा मनुष्य आम्ही तरी अद्यापि पाहिला नाही.

हिशेबाच्या पट्टीविषयीही विचारावयास संकोच नसावा. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदी करणाऱ्याकडून घ्यावी असे ठरविले. तरीही “ही कपात कशापायी?” एवढे तीन शब्द न उच्चारता पट्टी घडी करून खिशात घालणारे गृहस्थ आमच्या माहितीचे आहेत. विचारणे म्हणजे भांडणे नव्हे. शांतपणे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा अडत्यास राग येत नाही. उलट त्याचा हिशेब तो अधिक काळजीने लिहितो.

कलमे विकत घेतानाही हीच गोष्ट. शेंदूरजना घाट हे गाव संत्र्याच्या रोपवाटिकांकरिता प्रसिद्ध आहे. तेथे जाऊन केवळ कलमांचा भाव करणारा मनुष्य गर्दीतला एक ठरतो. खुंट जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, डोळा कोणत्या मातृवृक्षावरून घेतला, तो जमिनीपासून किती उंचीवर भरला, रोपांस माती कोठली वापरली, हे विचारणारा रोपवाटिकेच्या मालकाच्या ध्यानी राहतो. मालकास उत्तरे देता आली नाहीत, तर तेथून कलम न घेता परत यावे. तीही कमाईच होय, कारण डिंक्या रोगाची बुरशी पुष्कळदा रोपाच्या मुळांशी चिकटूनच बगीच्यात येते, आणि ती ओळखू येईपर्यंत कास्तकाराची पाच-सात वर्षे मातीत गेलेली असतात. संशोधन संस्थेत जावयाचे तर “झाड वाळते, काय करू?” असे मोघम विचारू नये. फांदी, पाने, मुळाशेजारची माती बरोबर न्यावी. पाणी खोडास लागते की दुहेरी आळ्याने बाहेरून दिले जाते, ताण किती दिवस दिला, हे सांगावे. ज्याचा प्रश्न पूर्ण असतो त्यास उत्तरही पूर्ण मिळते, व पुढच्या खेपेस दारातच त्यास नावाने हाक येते.

आणखी एक अडचण आहे, ती मनाची. चाळीस एकरांच्या धन्यास चार एकरांच्या शेजाऱ्याकडे जाऊन “तुझा बार यंदा इतका चांगला कसा बसला?” असे विचारण्यात कमीपणा वाटतो. वास्तविक तो शेजारी दिवसभर झाडाखाली असतो व धनी पुष्कळदा तालुक्याच्या गावी असतो. कोणास अधिक दिसावे हे उघड आहे.

परंतु नुसते विचारीत सुटणाराही लवकरच नकोसा होतो. घेणे तसे देणे पाहिजे, आणि देणे आधी असावे. यावर एक आक्षेप नेहमी येतो, की आपली युक्ती शेजाऱ्यास सांगितली तर तो आपल्या पुढे जाईल. कापसाच्या किंवा संत्र्याच्या मोठ्या बाजारात शेजाऱ्याच्या चार गाड्यांनी भाव पडत नाही. उलट शेजाऱ्याच्या बगीच्यात काळी माशी माजली आणि झाडांवर कोळशी चढली, तर ती माशी धुरा पाहून थांबत नाही. त्यास वेळीच फवारणी सांगणे हे आपलेच झाड राखणे होय. शिवाय दूरचा व्यापारी एका गाडीभर मालाकरिता येत नाही. दहा शेजाऱ्यांचा एकसारखा माल एके ठिकाणी मिळेल असे कळले, तरच त्याचा ट्रक गावात वळतो.

कॅलिफोर्नियातील संत्रा-बागाइतदारांची गोष्ट या कामी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८९० नंतरच्या वर्षांत ते आपला माल दलालांकडे भरवशावर पाठवीत, आणि पुष्कळदा फळाचे पैसे येण्याऐवजी वाहतुकीचे देणेच त्यांच्या अंगावर येई. अमुक शहरात माल तुंबला आहे व तमुक शहर रिकामे आहे, हे कोणासच कळत नसे. १८९३ साली त्यांनी एकत्र येऊन संघ काढला. १९०५ साली त्यास राज्याचे नाव मिळाले, आणि सनकिस्ट हे चिन्ह पुढे त्याच संघाचे झाले. त्या संघाचे बळ केवळ वखारींत नव्हते. शहरोशहरीचे त्यांचे प्रतिनिधी तारेने बाजाराची खबर कळवीत आणि ती सर्वांच्या कामी येई. एकाने कळविलेली बातमी दुसऱ्याचा डबा वाचवी. आज आमच्या प्रत्येक कास्तकाराच्या हाती तारेहून जलद साधन आहे. त्यावर लग्नपत्रिका फार येतात, मालाची खबर थोडी.

आपल्याच महाराष्ट्रात श्रीपाद दाभोलकर यांनी कोल्हापूरकडे प्रयोग परिवार उभा केला, तोही याच पायावर. ते पेशाने गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्याने आपल्या शेतात प्रयोग करावा, त्याची नोंद ठेवावी, आणि अडले तेथे दुसऱ्या प्रयोग करणाऱ्यास विचारावे, असा त्यांचा परिपाठ होता. पश्चिम महाराष्ट्रातील द्राक्षबागाइतदारांनी त्यापासून मोठा लाभ घेतला. १९६० साली निघालेला त्यांचा संघ आजही एकमेकांच्या बागा पाहण्याचे काम करतो. संत्र्याच्या मुलुखात हे इतक्या जोराने झाले नाही, हे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

देण्याची एक रीत मात्र सांभाळली पाहिजे, आणि ती आम्हांस चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांच्या चरित्रावरून दिसते. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या या अल्पभूधारकाने १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्या निवडून वाढविल्या आणि बियाणे मागेल त्यास दिले. त्या काळी प्रसिद्ध असलेल्या घड्याळावरून त्या वाणास एचएमटी हे नाव पडले आणि त्याच नावाने ते धान गावोगाव पसरले. पुढे २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. तथापि पैशाच्या बाजूने त्यांची ओढाताण अखेरपर्यंत सुटली नाही. २०१८ साली ते वारले. त्यांनी द्यावयास नको होते असे आम्ही म्हणणार नाही. बियाणे नेणाऱ्यांनी “हे अमक्याकडून आणले” असे सांगितले असते, तर वाणाबरोबर माणसाचे नावही चालले असते. यास्तव देताना नाव, गाव, साल लिहून द्यावे. आणि घेणाऱ्याने पुढे सांगताना मूळ धन्याचे नाव आधी घ्यावे. ज्याचे नाव आपण चार ठिकाणी घेतो, तो आपणांस पाचवी गोष्ट आपण होऊन सांगतो.

अंबिया बहाराची तोड ऑक्टोबरात लागते. तत्पूर्वी एखाद्या दिवशी आमच्या वाचकांनी माल न नेता कळमन्यास जावे. गाडी भरून नेलेल्या दिवशी विचारणारा गरजू दिसतो. रिकाम्या हातांनी आलेल्यास लोक निवांतपणे बोलतात. दोन अडत्ये, एक बाहेरगावचा खरेदीदार व आपल्यासारखाच एखादा दुसऱ्या तालुक्यातील बागाइतदार, एवढ्यांशी बोलणे झाले तरी पुरे. बरोबर वही न्यावी, आणि आपल्याकडे यंदा फळगळ कशाने थांबली किंवा थांबली नाही, हे त्या बागाइतदारास आधी सांगून मग त्याचे विचारावे.