वाढती माणसे, घटते वाटे

पांढुर्णा-सौंसरकडच्या दहा एकरांच्या एखाद्या संत्राबागेचा हिशेब मांडा. दर पिढीला दोन वाटे पडले, तर नातवाच्या हाती अडीच एकर येतात. विहीर मात्र एकच राहते. देशातील सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 2.28 हेक्टर होती. 2015-16 मध्ये ती 1.08 वर आली. वाटा लहान झाला की मिळकत खाण्यातच संपते. ठिबक, नवी कलमे, मुलांचे शिक्षण यांसाठी शिल्लक उरत नाही. कोल आणि हूवर या अभ्यासकांनी 1958 मध्ये भारताविषयी हेच मांडले होते : खाणारी तोंडे झपाट्याने वाढली की बचत आटते आणि भांडवल उभे राहत नाही.

आता हा वेग उतरतो आहे. 2001 ते 2011 या दशकात मध्यप्रदेशाची लोकसंख्या सुमारे 20 टक्क्यांनी वाढली; आपल्या दोन्ही तहसिली तेव्हा ज्यात होत्या, त्या छिंदवाडा जिल्ह्याची सुमारे 13 टक्क्यांनीच. लहान मुले कमी झाली की घरात कमावते हात जास्त होतात. पण ही सवड फार काळ टिकत नाही. हेच हात पुढे म्हातारे होतात. त्यांना बोरगावच्या कारखान्यांत, संत्र्यावरच्या प्रक्रियेत काम मिळाले नाही, तर ते नागपूरची वाट धरतील. मग 2023 मध्ये झालेला आपला नवा जिल्हा कोणाच्या बळावर उभा राहणार?