दूरस्थ दृक्‌श्राव्य अभ्यासक्रम (प्राध्यापक करार)

शिक्षक व विद्यार्थी एका ठिकाणी नसताना थेट प्रक्षेपणाद्वारे किंवा ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांद्वारे शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमास दूरस्थ दृक्‌श्राव्य अभ्यासक्रम म्हणतात. अमेरिका व कॅनडा येथील महाविद्यालये आणि प्राध्यापक संघटना यांच्यातील सामूहिक करारांत या संज्ञेची व्याख्या महत्त्वाची मानली जाते. कारण कार्यभार, मानधन, विद्यार्थिसंख्या आणि मुद्रित व्याख्यानांची मालकी यांविषयीची कलमे कोणत्या अभ्यासक्रमांना लागू होतील, हे तिच्यावर अवलंबून असते.

व्याख्येतील प्रमुख भेद

थेट अध्यापनात शिक्षक ठरलेल्या वेळी शिकवतो व विद्यार्थी त्याच वेळी प्रश्न विचारू शकतात. येथे प्रत्येक सत्रात अध्यापनाचे तास पुन्हा द्यावे लागतात. मात्र एकाच तासाला अनेक ठिकाणचे वर्ग जोडल्यास तो एक वर्ग धरावा की अनेक, हा प्रश्न उद्भवतो. मुद्रित अध्यापनात बहुतेक श्रम आरंभीच होतात. नंतर तीच व्याख्याने शिक्षकाविना पुन्हा वापरता येतात. दोन्ही प्रकारांना एकच व्याख्या लावल्यास हा फरक झाकला जातो. तसेच केवळ उपकरणाच्या नावावर बेतलेली व्याख्या तंत्रज्ञान बदलताच अपुरी पडते.

कायदेशीर संदर्भ

अमेरिकेच्या 2008 च्या उच्च शिक्षणविषयक कायद्यानुसार दूरस्थ शिक्षणात विद्यार्थी व शिक्षक यांच्यात नियमित आणि अर्थपूर्ण संवाद आवश्यक असतो. असा संवाद नसलेला अभ्यासक्रम पत्रद्वारा शिक्षणात गणला जाऊ शकतो. ज्या संस्थेचे निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम पत्रद्वारा चालतात, ती सामान्यतः संघराज्याच्या विद्यार्थी अर्थसाहाय्यास अपात्र ठरते.

त्या देशाच्या 1976 च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार नोकरीच्या कक्षेत निर्माण झालेली कृती, लेखी करारात वेगळी तरतूद नसल्यास, मालकाची ठरते. अध्यापन साहित्य शिक्षकाचे मानण्याची विद्यापीठीय परंपरा असली, तरी मुद्रित व्याख्यानांबाबत वाद टाळण्यासाठी संघटना मालकी व पुनर्वापराची स्पष्ट कलमे मागतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या संघटनेने 1999 मध्ये दूरस्थ शिक्षण व स्वामित्व हक्क या दोन्ही विषयांवर निवेदने प्रसिद्ध केली.

उल्लेखनीय घटना

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात 1997 मध्ये प्राध्यापकांचा सुमारे दोन महिन्यांचा संप झाला. त्यानंतरच्या करारात, अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर संबंधित शिक्षकाच्या शैक्षणिक निर्णयाशी सुसंगत असावा, अशी तरतूद करण्यात आली.

मॉन्ट्रिऑलच्या काँकॉर्डिया विद्यापीठात 2021 मध्ये कला इतिहासाच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याने शंका विचारण्यासाठी व्याख्यात्याचा शोध घेतला. तेव्हा व्याख्याते फ्रांस्वा-मार्क गान्यों यांचे 2019 मध्येच निधन झाल्याचे त्याला कळले. अभ्यासक्रमाचे कामकाज दुसऱ्या शिक्षकाकडे होते. व्याख्याने मात्र गान्यों यांची मुद्रित केलेली होती. या प्रसंगानंतर पुनर्वापराची मुदत, शिक्षकाची संमती आणि विद्यार्थ्यांना द्यावयाची पूर्वसूचना या मुद्द्यांची व्यापक चर्चा झाली.

करारातील सामान्य तरतुदी

अशा करारांत साधारणपणे पुढील बाबींचा समावेश असतो: अभ्यासक्रम थेट, मुद्रित की मिश्र याची नोंद, तयारीच्या कामाचा मोबदला अथवा अध्यापन तासांत सूट, विद्यार्थिसंख्येची मर्यादा, आणि शिक्षकाने नोकरी सोडल्यानंतर त्याच्या व्याख्यानांच्या वापराविषयीचे नियम.