सात-बारावर आजीचं रान

लातूर जिल्ह्यातल्या एका शिवारात ऑगस्टची दुपार. पाऊस नुकताच उघडलाय, काळ्या रानाचा चिखल चपला सोडत नाही. गुडघ्याच्या वर आलेल्या सोयाबीनमध्ये सत्तरीची एक आजी आणि बी.ए.ला असलेली तिची नात उभ्या आहेत. नातीचा मोबाईल भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलाय. आजीच्या मुठीत तिचा स्वतःचा बटणांचा फोन. दोघी ई-पीक पाहणी करायला आल्या आहेत.

रानात काय पेरलंय ते पूर्वी तलाठी लिहायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ते काम शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आलं. ॲपमध्ये गट निवडायचा, पीक भरायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. ही नोंद गाव नमुना बारावर चढते आणि पीककर्ज, विमा, हमीभावाची खरेदी, अतिवृष्टीची मदत अशा कामांना लागते. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५ हजारांचं साहाय्य जाहीर झालं, तेव्हाही आधी हीच नोंद पाहिली गेली. म्हणजे हातात स्मार्टफोन नसणं शेतकऱ्याला थेट पैशात महाग पडू शकतं.

पहिली अडचण सांकेतांकाची. गेल्या वर्षी मुलाचा नंबर दिला होता. मुलगा चाकणला कंपनीत, पाळीवर असताना फोन उचलत नाही. नात नंबर बदलून आजीचा टाकते आणि थोड्या वेळात आजीच्या मुठीतला फोन थरथरतो.

“माय, आकडं वाच बरं.”

आजीला अक्षरं येत नाहीत. पण फोनची बटणं दाबून दाबून आकडे पाठ झालेत. फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून ती चारही आकडे सुटे सुटे सांगते. नात तेच स्वतःच्या मोबाईलवर दाबते आणि सातबारा उघडतो.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये खेड्यांसाठी डिजिटल साक्षरतेचं अभियान सुरू केलं होतं. घरटी एक माणूस, वय १४ ते ६०, शिक्षण २० तासांचं. आजीने तेव्हाच साठी ओलांडली होती. घरातला जो एक माणूस शिकायचा, तो बहुतेक वेळा तरुणच असणार, आणि तरुण माणूस कामासाठी गाव सोडतो. रान मात्र मागे राहिलेल्यांच्या नावावर असतं. योजना आखताना या माणसांचा विचार आधी व्हायला हवा होता.

पुढचा रकाना: पिकाचा वर्ग. नात ‘निर्भेळ पीक’वर बोट ठेवते.

“निर्भेळ म्हंजी?”

“नुसतं सोयाबीन.”

“नुसतं कुटं हाय गं? सहा तासांमागं एक तास तुरीचं हाय की!”

नात मान वर करून बघते. सोयाबीनच्या हिरव्यात तुरीच्या ओळी उभ्या आहेत. मोबाईलकडे बघण्याच्या नादात तिच्या नजरेतून सुटल्या होत्या. ती मागे जाऊन ‘मिश्र पीक’ निवडते. आजीने टोकलं नसतं, तर तूर कागदावर आलीच नसती आणि हमीभावाच्या केंद्रावर नोंद दाखवता आली नसती. ॲप नातीला कळतं, रान आजीला. या कामाला दोघी लागतात.

क्षेत्र भरताना पुन्हा अडतं. आजीचा हिशेब एकर-गुंठ्यांत: दोन एकर वीस गुंठे. ॲप मागतं हेक्टर-आर. नात आधी घाईने २.२० टाकते आणि ते बसत नाही. मग वहीच्या कोपऱ्यात मांडून बघते: शंभर गुंठे, म्हणजे हेक्टराला जरासं वर. तेवढ्यातून सोयाबीनचं वेगळं, तुरीचं वेगळं. पेरणीची तारीख आजी सणावरून सांगते, नात मोबाईलमधल्या कॅलेंडरात शोधते.

फोटो निघतो, पण रेंज नाही. माहिती मोबाईलमध्ये साठवून देवळाच्या ओट्यावरून पाठवायचं ठरतं. काही चुकलं तर दुरुस्तीला ४८ तास आहेत, हे नात समजावून सांगते. शेजारच्या बांधावरून एक काकू हाक देतात, “आमचंबी करतीस का गं?” गल्लीतल्या सहा घरांची पाहणी या पोरीने अशीच केली आहे.

निघताना आजी थांबते. “आन् बांधावरचे आंबे?”

बांधावरच्या झाडांसाठी ॲपमध्ये वेगळा पर्याय आहे. आजी पदराने हात पुसते, मोबाईल मागून घेते आणि चिखलातून पुढे होते.

“कुटं दाबायचं ते दाव. झाडं मी मोजते.”